नवख्या डीजेला अभिप्राय देताना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या युवा शाखेच्या विनंतीवरून दिलेले व्याख्यान)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळा अशा विषयांच्या पंक्तीला ‘डीजे’ येऊन बसलेला पाहून काही भुवया उंचावल्या असतील, तर त्यात नवल नाही. विषय मी निवडलेला नाही; तो युवा शाखेने दिला आहे. परंतु ज्या शब्दांत तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला, त्या शब्दांमुळेच मी तो स्वीकारला. ते म्हणाले, ‘काका, आम्ही घरी बसून मिक्स तयार करतो आणि मंडळातल्या लोकांना ऐकवतो. ऐकणारे एक तर “छान” म्हणतात, नाही तर “आवाज जरा कमी करा” म्हणतात. यापलीकडे कोणी काही बोलतच नाही. मग आमचे चुकते कुठे हे आम्हांला कळायचे कसे?’

ह्या प्रश्नात एक तक्रार दडलेली आहे आणि ती आपल्या पिढीविषयीची आहे. एकांकिकेच्या तालमीला बसलेला आपल्यातला कोणताही ज्येष्ठ सभासद ‘तुझे वाक्य दोन क्षण लवकर पडते आहे, समोरच्याचे हसू संपू दे’ असे सहज सांगून जातो. भजनाच्या सरावात झांज मागे पडली तर पेटीवाला नुसत्या मानेने खुणावतो. डीजेच्या बाबतीत मात्र आपली जीभ अडखळते, कारण हे काम आपले नव्हे असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे. माझे म्हणणे असे की, ते ऐकायला लागणारे कान आपल्यापाशी आहेत. त्या कानांना जे जाणवते ते नेमक्या शब्दांत सांगण्याची सवय तेवढी लावून घ्यावी लागेल.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरू. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत ‘डीजे’ म्हणजे मिरवणुकीतल्या ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत. आपल्या चंदीगडात, लग्नाच्या मंडपात, ‘डीजेवर चला’ म्हणजे नाचण्याच्या चौथऱ्यावर चला. ह्या दोन्ही अर्थांत मूळचा माणूस हरवून गेला आहे. डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या वाजवणारा. कोणते गाणे, कोणत्या गाण्यानंतर, कोणत्या क्षणी आणि कशा रीतीने आणायचे हे ठरवणारा. भिंतीवरचा आपला राग पुष्कळदा ह्या माणसाच्या माथी मारला जातो. भिंतीविषयी मी पुढे दोन शब्द बोलणार आहे, पण आजचा विषय माणूस हा आहे.

ह्या माणसाच्या कलेला गुरुकुल कधीच नव्हते. साठीच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये, एका जुन्या चर्चच्या इमारतीत चालणाऱ्या ‘सँक्चुअरी’ नावाच्या नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो हा तरुण दोन तबकड्यांची लय जुळवून एका गाण्यातून दुसऱ्यात जात असे. त्याला हे शिकवणारा कोणी नव्हता. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील एका इमारतीच्या सभागृहात, बहिणीने योजलेल्या समारंभात, कूल हर्क ह्या जमैकन घराण्यातील मुलाने तबकड्या वाजवल्या. गाण्यातला निव्वळ तालवाद्यांचा तुकडा आला की नाचणारे अधिक खुलतात हे त्याने हेरले होते. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा आणू लागला. त्याला हे कोणी सांगितले? समोरच्या माणसांच्या पायांनी सांगितले. चौथरा भरला तर बरोबर, रिकामा झाला तर चूक, हाच त्या काळचा अभिप्राय. तो रोखठोक होता, तत्क्षणी मिळे, आणि त्यात खोटेपणाला जागा नव्हती.

आणखी एक व्यवस्था सांगण्यासारखी आहे. १९७५ साली डेव्हिड मॅन्कूसो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये डीजेंचा एक संघ उभारला. ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांनी नव्या तबकड्या संघाला विनामूल्य द्याव्यात आणि सभासदांनी त्यांना नाचणाऱ्यांचा प्रतिसाद कसा होता ते कळवावे, असा तो व्यवहार. म्हणजे जो तरुण आज आपल्यापुढे अभिप्रायासाठी उभा आहे, त्याच्या व्यवसायबंधूंचा अभिप्राय पन्नास वर्षांपूर्वी मोठमोठ्या कंपन्या मागत होत्या. हा संघ काढणारा मॅन्कूसो पुढे स्वतः गाणी एकमेकांत मिसळेनासाच झाला. प्रत्येक गाणे आरंभापासून शेवटपर्यंत वाजू द्यावे असे त्याचे मत बनले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ‘जोड किती गुळगुळीत’ एवढ्याच मापाने मिक्स मोजू पाहणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

घरी बसून मिक्स करणाऱ्या आपल्या मुलासमोर मात्र चौथरा नाही, पाय नाहीत. आहे तो फक्त आपला शब्द. आणि आपला शब्द काय, तर ‘छान’.

ह्या ‘छान’विषयी मला माझ्या नोकरीतील एक उदाहरण द्यावेसे वाटते. केंद्र सरकारच्या सेवेत अधिकाऱ्याच्या कामावर दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिला जाई. त्यातील प्रतिकूल शेरा संबंधिताला कळवीत. ‘चांगला’ असा शेरा असेल तर तो कळवण्याचे कारण काय, अशी समजूत. परंतु बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हे माप ठरलेले असेल, तर हाच ‘चांगला’ माणसाचा घात करी, आणि त्याला त्याचा पत्ताही नसे. देव दत्त नावाच्या एका अभियंत्याचे प्रकरण ह्याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००८ साली न्यायालयाने निर्णय दिला की प्रत्येक शेरा, मग तो बरा असो वा वाईट, संबंधिताला कळवलाच पाहिजे. २००९ पासून संपूर्ण अहवाल अधिकाऱ्याच्या हाती देण्याची पद्धत सुरू झाली. ज्याने वर्षभर काम केले त्याला ‘चांगला’ म्हणजे नेमके किती आणि कुठे कमी, हे कळण्याचा अधिकार आहे, असे हे तत्त्व. वीस मिनिटांच्या मिक्ससाठी तीन आठवडे राबलेल्या मुलाला तो नाकारण्याचे मला काही कारण दिसत नाही.

आता प्रत्यक्ष ऐकायचे काय, ह्याकडे वळतो. येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

सर्वांत आधी लय. समजा, एक गाणे मिनिटाला १२४ ठोक्यांचे आणि दुसरे १२६ ठोक्यांचे आहे. दोन्ही एकदम सुरू केली तर पंधरा सेकंदांत ती अर्ध्या ठोक्याने फुटतात, आणि घोड्याच्या टापांसारखा दुहेरी आवाज येऊ लागतो. तबल्याची संगत ऐकलेल्या माणसाला हे कळायला यंत्र लागत नाही. म्हणून डीजे एका गाण्याची गती किंचित वाढवून वा घटवून दुसऱ्याशी जुळवतो. हल्ली हे काम एक कळ दाबून यंत्राकडून करून घेता येते, आणि त्यावरून आपल्यातले काही जण ‘मग ह्यात कला ती काय?’ असे विचारतात. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हाही पेटीविषयी असेच बोलले जात होते, आणि आज इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर रियाज करणाऱ्याला आपण कमअस्सल म्हणत नाही. कळ दाबली की नाही हे विचारू नये. लय जुळली की नाही ते सांगावे.

कारण ती कळ दाबूनही पुष्कळदा जुळत नाही, आणि हे आपल्या मुलांच्या बाबतीत विशेष घडते. त्यांना जुनी मराठी गाणी घ्यायची हौस आहे, आणि ही हौस मला फार आवडते. परंतु ती गाणी वादकांनी एकत्र बसून, हाताने वाजवलेली आहेत. अंतऱ्याला लय कणभर चढते, मुखड्यावर येताना उतरते. गाण्याचा जिवंतपणा त्यातच आहे. यंत्राने मात्र आरंभीच्या ठोक्यांवरून सरळ रेघा आखलेल्या असतात. दीड मिनिटानंतर गाणे रेघांवरून घसरते आणि मुलगा गोंधळतो की कळ तर दाबली होती. येथे ‘तुझी लय कच्ची आहे’ हा शेरा अन्यायाचा ठरेल. ‘हे गाणे हाताने वाजवलेले आहे, ज्या भागात जोड द्यायचा आहे तेवढ्याच भागाच्या रेघा पुन्हा आखून घे, किंवा जोड आटोपता ठेव’ हे सांगितले तर त्याला उद्याच करून पाहता येईल.

लयीच्या पाठोपाठ सम. नाचासाठी रचलेली पाश्चात्त्य धर्तीची गाणी बहुधा चार ठोक्यांच्या गटांनी चालतात. असे आठ गट मिळून बत्तीस ठोक्यांचे एक वाक्य होते आणि नवे वाद्य, गायन किंवा ठेक्यातला बदल हा सहसा अशा वाक्याच्या आरंभी येतो. तीनतालाची दोन आवर्तने म्हणा. नवशिक्याचा नेहमीचा दोष असा की ठोक्यावर ठोका पडतो, पण एका गाण्याचे वाक्य संपत असताना दुसऱ्याचे निम्म्यावर असते. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण काही तरी बिनसले आहे हे जाणवते. आपल्या भाषेत, टाळीवर टाळी पडली पण सम चुकली. एवढे एक वाक्य त्या मुलाला सांगा. महिन्याभराचे चाचपडणे वाचेल.

आणि मात्राच वेगळ्या असतील तर? गणेशोत्सवासाठी एका मुलाने केलेले मिक्स मी ऐकले, त्यात सहा मात्रांच्या झोकात चालणाऱ्या कोळीगीतावर भांगड्याचा ढोल चढवला होता. भांगड्याचा चालू ठेका आठ मात्रांच्या अंगाचा. दादऱ्यावर केरवा घातल्यासारखे ते होणार, कितीही गती जुळवली तरी. परंतु ‘ह्या दोहोंचे जमत नाही, ढोल काढून टाक’ असे म्हणणे ही आपलीच हार आहे. चंदीगडात वाढलेल्या मराठी मुलाला कोळीगीत आणि ढोल दोन्ही हवेत, हे मला त्याच्या वयातले सर्वांत निरोगी लक्षण वाटते. त्याला उपाय सुचवावा. दोन्ही ठेके एकमेकांवर न ठेवता कोळीगीत समेवर तोडून एक श्वासाइतकी शांतता ठेवावी आणि मग ढोलाची थाप पडू द्यावी. किंवा मध्ये ठेका नसलेला तुकडा, लाटांचा आवाज वा नुसता आलाप घालावा. कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगात जाताना काही ठेके एकमेकांवर रचत नाही. तो थांबतो, बुक्का लावून घेतो, हार घालून घेतो आणि मग आख्यानाला लागतो.

तिसरी गोष्ट खर्जाची. दोन गाण्यांचे ढोल, दोन गाण्यांचे बेस गिटार एकदम वाजले की सगळा चिखल होतो. मिश्रणयंत्रावर खर्ज, मध्य आणि तार ह्यांच्या वेगवेगळ्या कळा असतात त्या ह्यासाठीच. एकाचा खर्ज उतरवावा, मगच दुसऱ्याचा चढवावा. मात्र हा दोष सांगणाऱ्याने मिक्स कशावर ऐकले आहे हे स्वतःशी तपासावे. मोबाइलच्या छोट्याशा कर्ण्यातून खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यावर ऐकून खर्जाविषयी मत देणे म्हणजे झेरॉक्स पाहून रंगसंगतीवर बोलणे. बरे हेडफोन घ्यावेत, नसतील तर तेवढा मुद्दा सोडून द्यावा.

पट्टीविषयी आपल्या मंडळींना सांगायला नको. गायकाला काळी एक हवी असताना पेटीवाल्याने पांढरी दोन धरली तर काय होते, हे ह्याच सभागृहाने अनुभवले आहे. डीजेच्या बाबतीत गंमत अशी की गाण्याची गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढवली तर सूरही अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते. पट्टी कायम ठेवून गती बदलण्याची सोय आता यंत्रात असते, पण ती फार ताणली तर गायकाचा आवाज खरखरीत आणि परका लागतो. आपल्या ओळखीच्या गायिकेचा आवाज परका वाटला, तर ते जरूर सांगा. तिथे तुमचे कान त्या मुलाच्या कानांपेक्षा पुढे आहेत. त्याने ते गाणे महिनाभर ऐकले असेल, तुम्ही चाळीस वर्षे ऐकले आहे.

उरले ते थोडक्यात. दोन गायक एकाच वेळी शब्द म्हणू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही. आणि यंत्रावरचा लाल दिवा पेटेपर्यंत आवाज चढवून ध्वनिमुद्रण केले, तर लहरींचे माथे छाटले जातात आणि ते पुढे कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. हा दोष आढळला तर बाकीचे सारे बाजूला ठेवून आधी हा सांगावा.

आता सांगण्याची रीत. माझी पद्धत अशी आहे की पहिल्यांदा मिक्स अखंड ऐकावे, हातात लेखणी नको. दुसऱ्यांदा लेखणी आणि घड्याळ घेऊन बसावे. जेथे कान टवकारले तेथील मिनिट-सेकंद टिपावे, मग कान आनंदाने टवकारलेले असोत वा त्रासाने. हे दोन अभिप्राय पाहा. दोन्ही एकाच मिक्सवरचे आहेत. पहिला: ‘मिक्स चांगले आहे, पण जोड नीट जमलेले नाहीत. सराव वाढवावा.’ दुसरा: ‘पहिली सहा मिनिटे लय एकदाही ढळली नाही. ६ मिनिटे ४० सेकंदांना दुसरे गाणे आत आले तेव्हा पहिल्याचा अंतरा संपायचा होता, म्हणून दोन आवाज एकमेकांवर आले. दुसरे गाणे सोळा ठोके उशिरा आणून पाहा, नाही तर पहिल्याचा मधला वाद्यमेळाचा भाग निवड. शेवटचे गाणे इतक्या लवकर का आणलेस ते मला कळले नाही. काही हेतू होता का?’ पहिला अभिप्राय खोटा नाही. पण तो वाचून मुलगा करणार काय? सराव वाढवायचा तो कशाचा? दुसरा वाचून तो त्याच रात्री यंत्रापुढे बसेल.

दुसऱ्या अभिप्रायातील शेवटचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. दोष आणि आवड ह्यांत आपण फार गल्लत करतो. लय फुटणे हा दोष आहे. लावणीनंतर इंग्रजी गाणे येणे ही निवड आहे. निवड आपल्याला रुचली नाही तर ‘मला रुचली नाही’ असे म्हणावे, ‘चुकली’ म्हणू नये; आणि त्याआधी हेतू विचारावा. पुष्कळदा हेतू असतो. एकदा उत्तर मिळाले, ‘त्या वेळी लहान मुले जेवायला जातात, म्हणून मी ती जागा मोठ्या मुलांसाठी ठेवली.’ ह्यावर कोण काय बोलणार? हा मुलगा डीजेच्या कामातले जे सर्वांत अवघड, समोरच्यांचा अंदाज घेणे, ते आधीच शिकला होता. त्याचे जोड मात्र अजून खडबडीत होते, तेही मी त्याला सांगितले.

एका वेळी किती सांगावे? दोन गोष्टी, फार तर तीन. तालमीतला वस्ताद एका दिवशी एकच डाव सुधारून घेतो. अठरा दोषांची यादी दिली तर ती अचूक असूनही निरुपयोगी होते, कारण कोणता आधी हे ठरवण्याचे ओझे पुन्हा त्या नवशिक्यावरच पडते. हल्ली व्यवस्थापनाच्या वर्गांतून एक सूत्र शिकवतात, की आधी स्तुती करावी, मग दोष सांगावा, मग पुन्हा स्तुती करावी. मला हे सूत्र मानवत नाही. ऐकणारा चतुर असतो. तो आरंभीच्या स्तुतीकडे लक्षच देत नाही, ‘पण’ कधी येतो एवढीच वाट पाहतो. स्तुती करायची तर तीही जागा दाखवून करावी. ‘११ मिनिटांनंतर संबळ सुरू होण्याआधी तू सगळे वाद्य काढून घेतलेस, तेथे माझ्या अंगावर काटा आला’, ही स्तुती आहे. तिच्यातून त्याला कळते की ही गोष्ट टिकवायची आहे. ‘फार गुणी मुलगा आहे’ ही स्तुती नव्हे, ते वधुवरसूचक मंडळाला लिहिण्याचे वाक्य आहे.

स्पर्धांच्या परीक्षकांविषयी एक शब्द. जागतिक ख्यातीच्या डीएमसी स्पर्धेत १९८६ साली डीजे चीज ह्या अमेरिकन तरुणाने तबकडी हाताने मागेपुढे घासून ताल काढण्याची करामत सादर केली. तोपर्यंत ती स्पर्धा प्रामुख्याने गाणी जोडण्याची होती. त्याच्यानंतर तिचे स्वरूपच पालटले. परीक्षकाने मापे आधी सांगावीत, आणि त्या मापांत न बसणारे काही समोर आले तर निदान ते ओळखावे. आपल्या मंडळाने पुढे अशी स्पर्धा घेतली तर ‘सर्वच स्पर्धकांनी उत्तम प्रयत्न केला’ ह्या ठरीव भाषणाऐवजी प्रत्येकाच्या हाती चार ओळींचा कागद द्यावा. वेळ तेवढाच लागतो.

आता ती भिंत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मोजक्या सणांच्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. बंद सभागृहांसाठी आणि समारंभांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे मान सुचवले आहे. हे मी पोलिसी थाटात सांगत नाही. हेडफोन कानाला लावून रोज चार तास बसणाऱ्या मुलाचे कान हेच त्याचे भांडवल आहे, आणि गेलेली श्रवणशक्ती लाल दिव्याने छाटलेल्या लहरींसारखीच परत येत नाही. म्हणून अभिप्राय मागायला आलेल्या मुलाला मी एक प्रश्न नेहमी विचारतो: ‘रात्री झोपताना कानांत शिटी वाजते का?’ वाजत असेल तर मिक्सवर बोलण्याआधी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवावे.

आता तरुण मित्रांशी थोडे. मागणाऱ्यालाही मागता आले पाहिजे. ‘कसे वाटले?’ असे विचाराल तर ‘छान’ हेच उत्तर मिळेल. प्रश्नच तसा आहे. ‘तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याचा जोड तुम्हांला जाणवला का?’ असे विचारा. दोन तासांचे मिक्स पाठवू नका. वीस मिनिटांचे पाठवा, सोबत गाण्यांची यादी आणि प्रत्येक गाणे कोणत्या मिनिटाला येते ते लिहा, आणि ते कोणासाठी केले आहे तेही सांगा. हळदीकुंकवाच्या समारंभाला योग्य असलेले मिक्स गच्चीवरच्या रात्रीच्या मापाने मोजले जाऊ नये, ही काळजी तुम्हीच घ्यायची. अभिप्राय मिळाला की लगेच खुलासा करू लागू नका. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकाच ठिकाणी बोट ठेवले तर ती जागा नक्की बिघडलेली आहे असे समजा. दोघांनी सुचवलेले उपाय मात्र दोन्ही चुकीचे असू शकतात. जागा ऐकणाऱ्याला सापडते, उपाय करणाऱ्यालाच शोधावा लागतो. आणि ज्याने तुम्हांला मिनिट-सेकंद लिहून दिले, त्याला दुरुस्त केलेले मिक्स पुन्हा ऐकवा. एवढे कष्ट घेणाऱ्या माणसाला पुढे काय झाले हे कळले नाही, तर तोही पुढच्या वेळी ‘छान’ म्हणून मोकळा होईल.

युवा शाखेने माझ्याकडे तीन मिक्स दिली आहेत, तिघांच्या संमतीने आणि नावे न सांगण्याच्या अटीवर. प्रत्येकाच्या खुर्चीवर एक कागद आणि पेन्सिल ठेवलेली आहे. पहिले मिक्स बावीस मिनिटांचे आहे आणि आपण ते दोनदा ऐकणार आहोत. पहिल्या वेळी कृपा करून कोणी पेन्सिल उचलू नये. ज्यांना मोठा आवाज सोसत नाही त्यांनी मागच्या रांगांत बसावे. चला, सुरू करा.